दीर्घकालीन सायनस-दाह आणि नाकातील स्टेरॉइड फवारा : एका उपयुक्त उपचाराच्या अल्प वापराची कारणमीमांसा

सारांश

नाक आणि त्याभोवतालच्या पोकळ्यांच्या अस्तराला आलेली सूज बारा आठवडे वा त्याहून अधिक काळ टिकल्यास तिला दीर्घकालीन सायनस-दाह असे म्हणतात. या विकारावर नाकात मारावयाचा स्टेरॉइड फवारा हा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पहिल्या पायरीचा उपचार आहे. असे असूनही त्याचा वापर अपेक्षेपेक्षा कमी होतो, आणि जेथे होतो तेथेही तो पुरेसा काळ व योग्य रीतीने होत नाही. 'स्टेरॉइड' या शब्दाविषयीचे भय, नाक तत्काळ मोकळे करणाऱ्या थेंबांशी होणारी गल्लत, गुण उशिरा येणे, आजार जंतुसंसर्गाचाच असल्याची समजूत आणि फवारा मारण्याच्या पद्धतीचे अज्ञान ही त्याची प्रमुख कारणे होत. रायगड जिल्ह्यातील पेण-रोहा पट्ट्यातील कासू परिसर नजरेसमोर ठेवून प्रस्तुत लेखात या कारणांचा ऊहापोह केला असून, महाविद्यालयीन अध्यापकांना या बाबतीत काय करता येईल याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : सायनस-दाह, स्टेरॉइड फवारा, नाक मोकळे करणारे थेंब, जलनेती, प्रतिजैविके, आरोग्य-साक्षरता.

१. प्रस्तावना

पनवेल-रोहा लोहमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान कासू हे स्थानक लागते. मुंबई-गोवा महामार्गही येथूनच जातो. या महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढे दीर्घकाळ रेंगाळले. पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर असे त्याचे दोन भाग मानले गेल्याने कासूचे नाव वृत्तपत्रांतून वारंवार येत राहिले. पावसाळ्यात चिखल, खड्डे आणि भिंतींना सुटणारी ओल, तर उन्हाळ्यात रस्त्याची धूळ, असा येथील वर्षाचा क्रम या काळात होता. जवळच पेण, हमरापूर आणि जोहे येथे गणेशमूर्तींच्या कार्यशाळा आहेत. तेथे मूर्ती घासताना उडणारी प्लास्टरची भुकटी कारागिरांच्या नाकातोंडात जाते. अध्यापकांच्या वाट्याला खडूची धूळ येते, ती वेगळीच.

धूळ, धूर आणि ओल यांमुळेच सायनसचा विकार होतो असे सरसकट म्हणता येणार नाही. तथापि धूम्रपान व व्यवसायातील धूळ यांचा या विकाराशी संबंध असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणूनच अशा परिसरात 'मला सायनस आहे' हे वाक्य वारंवार कानी पडले तर नवल नाही. या वाक्यानंतर जी उपाययोजना सांगितली जाते तीही ठरावीक असते. कोणी वाफारा घेतो, कोणी औषधाच्या दुकानातून नाकात सोडावयाचे थेंब आणतो, कोणी प्रतिजैविकांच्या गोळ्या पाच दिवस घेतो. कोणाला 'नाकाचे हाड वाढले आहे' किंवा 'नाकात मास वाढले आहे' असे सांगण्यात आलेले असते व तो शस्त्रक्रियेच्या चिंतेत असतो. या यादीत एक उपाय मात्र क्वचितच आढळतो, आणि तो म्हणजे नाकात दररोज मारावयाचा स्टेरॉइड फवारा. ज्या उपायाला वैद्यकीय शास्त्राने पहिले स्थान दिले आहे, तोच व्यवहारात शेवटी का राहतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) दीर्घकालीन सायनस-दाहाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या विकाराच्या उपचारात स्टेरॉइड फवाऱ्याचे स्थान व त्यामागील पुरावा मांडणे.
३) फवाऱ्याच्या अल्प वापराची कारणे तपासणे.
४) फवारा वापरण्याची योग्य पद्धती व आवश्यक दक्षता सांगणे.
५) या संदर्भात अध्यापकांची भूमिका निश्चित करणे.

३. विकाराचे स्वरूप

'सायनस' हे आजाराचे नाव नव्हे. चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांत असलेल्या, हवेने भरलेल्या पोकळ्यांना सायनस म्हणतात. गालांच्या हाडांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधल्या भागात आणि नाकाच्या पाठीमागे खोलवर अशा त्यांच्या चार जोड्या आहेत. या पोकळ्यांना आतून पातळ अस्तर असते. त्यातून स्रवणारा चिकट द्रव सूक्ष्म केसांसारख्या तंतूंच्या हालचालीने अरुंद छिद्रांवाटे नाकात येतो आणि घशातून पोटात जातो. निरोगी माणसाला या व्यवस्थेची जाणीवही नसते. अस्तराला सूज आली की ही छिद्रे बंद होतात, द्रव साचतो आणि त्रास सुरू होतो.

साध्या सर्दीनंतर येणारी सूज बहुधा काही दिवसांत ओसरते. दीर्घकालीन सायनस-दाहाचे निदान करण्यासाठी मात्र बारा आठवड्यांचा निकष लावला जातो. नाक चोंदणे, नाकातून पुढे किंवा घशात मागे स्राव येणे, चेहऱ्यावर वेदना वा दाब जाणवणे आणि वास कमी होणे या चार लक्षणांपैकी किमान दोन लक्षणे असावी लागतात, व त्यांपैकी एक नाक चोंदणे किंवा स्राव हे असावेच लागते. त्याखेरीज दुर्बिणीने केलेल्या तपासणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये सूज दिसावी लागते. काही रुग्णांच्या नाकात द्राक्षाच्या घोसासारखे मऊ फुगवटे तयार होतात. त्यांना पॉलिप म्हणतात. लोकभाषेतील 'मास वाढणे' पुष्कळदा याच अर्थाने वापरलेले असते. 'हाड वाढणे' या शब्दप्रयोगाने मात्र नाकाचा वाकडा पडदा किंवा नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील सुजलेले उंचवटे सुचविले जातात. या तिन्ही गोष्टी भिन्न आहेत आणि त्यांचे उपचारही एकसारखे नाहीत.

युरोपातील पाहणींनुसार केवळ लक्षणांवरून पाहता ५ ते १२ टक्के लोकांना हा विकार असल्याचे दिसते. दुर्बीण किंवा सीटी स्कॅनचा आधार घेतल्यास हे प्रमाण ३ ते ६ टक्क्यांपर्यंत खाली येते. या तफावतीतच एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. स्वतःला सायनस असल्याचे सांगणाऱ्या प्रत्येकाला तो विकार असतोच असे नाही. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'सायनसची डोकेदुखी' असल्याचे मानणाऱ्या, परंतु संसर्गाची चिन्हे नसलेल्या २,९९१ व्यक्तींची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ८८ टक्के व्यक्तींची डोकेदुखी अर्धशिशीच्या प्रकारात मोडणारी निघाली. नाकाची कोणतीही तक्रार नसताना केवळ कपाळ दुखत असेल तर सायनसपूर्वी अर्धशिशीचा विचार व्हावयास हवा. अशा रुग्णाला फवाऱ्याचा उपयोग होणार नाही आणि मग दोष फवाऱ्याला दिला जाईल.

या विकाराने जीव जात नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. परंतु झोप पुरी न होणे, दिवसभर डोके जड राहणे, कामात लक्ष न लागणे यांतून माणसाची कार्यशक्ती वर्षानुवर्षे झिजत असते. वास जाणे ही त्यातील सर्वांत उपेक्षित हानी होय. स्वयंपाकघरात गॅसची गळती, शिळे अन्न किंवा खराब झालेली मासळी यांची पहिली सूचना नाकच देते. ज्या भागात पापड, सुकी मासळी आणि घरगुती मसाले यांवर अनेक घरांचा चरितार्थ चालतो, तेथे वास न येणारी गृहिणी किंवा व्यावसायिक किती अडचणीत येत असेल याची कल्पना करता येईल.

४. उपचारात फवाऱ्याचे स्थान

कॉर्टिसोन या संप्रेरकाचा संधिवाताच्या रुग्णावर पहिला वापर १९४८ मध्ये झाला आणि त्याविषयीच्या संशोधनासाठी १९५० मध्ये हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले. सूज उतरविण्याची त्याची शक्ती जितकी विलक्षण, तितकेच संपूर्ण शरीरावर होणारे त्याचे दुष्परिणामही मोठे होते. म्हणून औषध केवळ हव्या त्या जागी पोहोचावे आणि उर्वरित शरीरात जाऊ नये, या दिशेने संशोधन सुरू झाले. त्यातून दम्यासाठी श्वासावाटे घ्यावयाची आणि नाकासाठी फवाऱ्याची औषधे निर्माण झाली. १९७३ मध्ये बेक्लोमेथासोनच्या नाकातील वापराविषयी डेन्मार्कमधील अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन आणि मोमेटासोन ही औषधे आली. म्हणजेच ज्याला आपल्याकडे अजूनही 'नवे' व 'धोक्याचे' मानले जाते, त्या उपचाराला पन्नास वर्षे होऊन गेली आहेत.

२०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात १८ चाचण्या आणि २,७३८ रुग्ण यांचा समावेश होता. त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांना पॉलिप होते. फवाऱ्यामुळे लक्षणांत, विशेषतः नाक चोंदण्यात, सुधारणा होते असा निष्कर्ष त्यात आहे. त्याचबरोबर पुराव्याचा दर्जा कमी ते मध्यम असल्याचे आणि नाकातून थोडे रक्त येण्याचे प्रमाण वाढत असल्याचेही त्यात नमूद आहे. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा उपचाराचा पाया आहे. याउलट प्रतिजैविकांच्या अल्पकालीन वापराच्या बाजूने पुरेसा पुरावा नसल्याचे ही तत्त्वे सांगतात. शस्त्रक्रियेचा विचार पुरेशा औषधोपचारानंतर करावयाचा असतो, आणि शस्त्रक्रियेनंतरही फवारा चालू ठेवावयाचा असतो. शस्त्रक्रियेने मार्ग मोकळा होतो. सूज येण्याची प्रवृत्ती तिने नाहीशी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या आदर्श सूचीतही ब्युडेसोनाइडच्या फवाऱ्याला स्थान देण्यात आले आहे.

५. अल्प वापराची कारणे

५.१ 'स्टेरॉइड' या शब्दाचे भय

आपल्या समाजात 'स्टेरॉइड' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या अनुभवांतून आलेला आहे. पहिला अनुभव व्यायामशाळांतील शरीरसौष्ठवाचा होय. तेथील औषधे पुरुष-संप्रेरकांच्या जातीची असतात. सूज उतरविणाऱ्या औषधांशी त्यांचा केवळ नावापुरता संबंध आहे. दुसरा अनुभव त्वचेच्या मलमांचा. गोरेपणासाठी किंवा खाजेसाठी सल्ल्याविना वापरलेल्या स्टेरॉइड मलमांनी अनेकांच्या त्वचेची हानी झाली, आणि २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशी १४ स्टेरॉइड मलमे अनुसूची 'एच' मध्ये आणून चिठ्ठीशिवाय त्यांच्या विक्रीस प्रतिबंध केला.

तिसरा अनुभव सर्वांत ताजा आणि सर्वांत खोल आहे. २०२१ मधील कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, म्हणजे लोकभाषेतील 'काळी बुरशी', महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पसरली. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना साथरोग कायद्याखाली हा आजार अधिसूचित करण्यास सांगितले. ही बुरशी नाक व सायनसमधूनच डोळ्याकडे आणि मेंदूकडे जाते. अनियंत्रित मधुमेह, कोविड आणि पोटातून वा शिरेतून मोठ्या मात्रेत दिलेली स्टेरॉइड ही तिची प्रमुख कारणे म्हणून पुढे आली. परिणामी 'सायनस' आणि 'स्टेरॉइड' हे दोन शब्द एकाच भयावह बातमीत अनेक आठवडे लोकांच्या वाचनात आले. ज्यांनी त्या काळात आप्तेष्टांचे डोळे गेलेले पाहिले, त्यांनी पुढे नाकात स्टेरॉइड मारण्यास नकार दिला तर त्यांना अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचे भय अनुभवातून आलेले आहे. मात्र ते चुकीच्या वस्तूला चिकटले आहे.

ही गोष्ट मात्रेच्या साध्या गणिताने स्पष्ट होते. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटच्या नेहमीच्या फवाऱ्यातून एका दाबात ५० मायक्रोग्रॅम औषध येते. प्रत्येक नाकपुडीत दोन याप्रमाणे दिवसाला चार दाब म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. त्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी औषध रक्तात पोहोचते, म्हणजे जास्तीत जास्त ४ मायक्रोग्रॅम. याउलट तोंडाने घेतलेल्या प्रेडनिसोलोनची ३० मिलिग्रॅमची रोजची मात्रा म्हणजे ३०,००० मायक्रोग्रॅम, आणि तिचा बहुतांश भाग रक्तात जातो. फ्लुटिकासोन हे तुल्य वजनाला प्रेडनिसोलोनहून अनेक पटींनी तीव्र आहे, हे जमेस धरूनही दोहोंमधील अंतर फार मोठे उरते. सर्व फवारे मात्र या बाबतीत सारखे नाहीत. मोमेटासोन व फ्लुटिकासोन यांचे रक्तात जाणारे प्रमाण अत्यल्प आहे, तर ब्युडेसोनाइड आणि बेक्लोमेथासोन यांचे त्याहून बरेच अधिक आहे. दीर्घकाळ वापरावयाचे औषध निवडताना डॉक्टर हा फरक विचारात घेतात.

या भयाचा एक विपरीत परिणामही होतो. फवारा टाळणाऱ्या रुग्णाचा त्रास वाढला की त्याला अखेर स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागण्याचा संभव असतो. जे टाळावयाचे म्हणून फवारा नाकारला, तेच कित्येक पटींनी पदरी पडते.

५.२ थेंब आणि फवारा यांतील गल्लत

झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन असलेले थेंब नाकातील रक्तवाहिन्या आकुंचित करतात आणि काही मिनिटांत नाक मोकळे होते. पाच-सात दिवसांहून अधिक काळ ते वापरल्यास औषधाचा प्रभाव ओसरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते, पुन्हा थेंब घालावे लागतात, आणि महिनोन् महिने उशाशी बाटली बाळगणारी माणसे तयार होतात. 'नाकातल्या औषधाची सवय लागते' ही लोकांतील समजूत या थेंबांपुरती खरी आहे. स्टेरॉइड फवाऱ्याने अशी सवय लागत नाही. परंतु दोन्ही बाटल्या दिसावयास सारख्या, दोन्ही नाकातच वापरावयाच्या आणि दोन्हींना 'स्प्रे' हेच नाव. त्यामुळे एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी बसतो. गंमत अशी की, थेंबांपासून सुटका करून घेण्यासाठी डॉक्टर पुष्कळदा हाच फवारा देतात.

५.३ उशिरा येणारा गुण

थेंबांची सवय झालेला रुग्ण फवाऱ्याकडूनही तत्काळ परिणामाची अपेक्षा करतो. फवारा रक्तवाहिन्या आवळत नाही. तो अस्तरातील दाहाची प्रक्रिया हळूहळू शमवितो. त्याचा परिणाम जाणवण्यास काही दिवस, आणि पूर्ण गुण येण्यास काही आठवडे लागतात. तो दररोज, त्रास असो वा नसो, घ्यावयाचा असतो. तीन-चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून रुग्ण तो सोडतो. किंवा महिन्याभराने बरे वाटले म्हणून सोडतो आणि त्रास परतला की 'फवाऱ्याने तात्पुरते बरे वाटते' असा निष्कर्ष काढतो. रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते हे आता गावोगावी मान्य झाले आहे. नाकाच्या बाबतीत ती समज अद्याप रुजावयाची आहे.

येथे एक सोपी कसोटी सांगता येईल. पुष्कळशा बाटल्यांत १२० मात्रा असतात. दिवसाला चार दाब या हिशेबाने बाटली ३० दिवसांत संपली पाहिजे. तीच बाटली चार महिने पुरली असेल तर औषध निष्फळ ठरले असे म्हणता येणार नाही. ते घेतलेच गेले नाही, एवढेच म्हणता येईल.

५.४ जंतुसंसर्गाची समजूत

पिवळा किंवा हिरवट शेंबूड म्हणजे पू, पू म्हणजे जंतू आणि जंतू म्हणजे प्रतिजैविक, ही साखळी रुग्णांच्या मनात पक्की बसलेली आहे, आणि काही वेळा उपचार करणाऱ्यांच्याही. वस्तुतः स्रावाचा रंग बदलण्यास शरीराच्या संरक्षक पेशीही कारणीभूत असतात. दीर्घकालीन विकारात मूळ दोष अस्तराच्या टिकून राहिलेल्या दाहाचा असतो. जंतू असलेच तर ते पुष्कळदा साचलेल्या द्रवाचा फायदा घेणारे दुय्यम घटक असतात. प्रतिजैविकाने काही दिवस बरे वाटते, मग त्रास परततो, मग अधिक तीव्र प्रतिजैविक दिले जाते. या चक्रात रुग्णाचा पैसा जातो, पोट बिघडते आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. ही शेवटची हानी एका रुग्णाची न राहता सर्व समाजाची होते.

५.५ सदोष पद्धती

फवारा लिहून देण्यास अर्धे मिनिट लागते. तो मारावयास शिकविण्यास पाच मिनिटे लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ही पाच मिनिटे मिळत नाहीत. बाटलीसोबतचे पत्रक बारीक अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत असते. परिणामी रुग्ण मान मागे टाकून, बाटलीचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे रोखून फवारा मारतो आणि जोराने श्वास ओढतो. औषध घशात उतरते, कडवट चव येते, पडद्यावर पुनःपुन्हा मारा झाल्याने रक्त येते आणि सूज आहे तशीच राहते. यापुढे तो फवारा वापरावयाचा नाही असे रुग्ण ठरवितो, आणि त्याच्या अनुभवाच्या मर्यादेत तो चुकीचे काही करीत नसतो.

५.६ उपलब्धता आणि खर्च

पेण व रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, परंतु नाकात दुर्बीण घालून तपासणी करणाऱ्या तज्ज्ञासाठी अनेकांना अलिबाग, पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. एका भेटीसाठी दिवसाची मजुरी बुडते; पुनर्तपासणीसाठी सहसा कोणी जात नाही. फवाऱ्याच्या एका बाटलीला काही शे रुपये पडतात आणि ती दर महिन्याला घ्यावी लागते. एकदाच घ्यावयाच्या पाच दिवसांच्या गोळ्यांपुढे हा खर्च मोठा वाटतो. वर्षभरातील वारंवारची प्रतिजैविके, बुडालेले दिवस आणि प्रवास यांची बेरीज सहसा कोणी मांडत नाही.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असे नव्हे. विशेषज्ञ आणि औषधे सहज उपलब्ध असलेल्या उत्तर अमेरिकेतील अभ्यासांतही या फवाऱ्याचा वापर अपेक्षेहून बराच कमी असल्याचे आढळले आहे. यावरून केवळ उपलब्धता वाढवून प्रश्न सुटणार नाही, समजही वाढवावी लागेल, असे अनुमान काढता येते.

६. योग्य पद्धती

फवाऱ्यापूर्वी मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास साचलेला स्राव निघून जातो आणि औषध अस्तरापर्यंत पोहोचते. हठयोगातील षट्कर्मांपैकी नेती आणि तिचा जलनेती हा प्रकार महाराष्ट्राला परिचित आहे. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या लोणावळ्याच्या कैवल्यधामासारख्या संस्थांचा त्यात मोठा वाटा आहे. आधुनिक मार्गदर्शक तत्त्वांनीही नाक धुण्याच्या या उपायाला मान्यता दिली आहे. अर्धा लिटर पाण्यात सुमारे साडेचार ग्रॅम, म्हणजे लहान चमचा पाऊण भरून, मीठ घालावे. पाणी उकळून कोमट केलेलेच असावे. विहिरीचे, ओढ्याचे किंवा नळाचे न उकळलेले पाणी नाकात घालू नये. नेग्लेरिया या अमीबाचा क्वचित होणारा, परंतु बहुधा प्राणघातक ठरणारा संसर्ग अशा पाण्यातूनच होतो. जलनेती आणि फवारा हे परस्परांचे पर्याय नसून पूरक उपाय आहेत. नेती आधी आणि फवारा दहा-पंधरा मिनिटांनी, हा क्रम ठेवावा. उलट क्रमाने केल्यास औषध धुऊन जाईल.

फवारा मारताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) बाटली हलवावी. नवी बाटली असल्यास बारीक तुषार येईपर्यंत ती हवेत काही वेळा दाबावी.
२) मान किंचित पुढे झुकवावी, मागे टाकू नये.
३) डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरावा. त्यामुळे टोक आपोआप बाहेरच्या बाजूस, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याच्या दिशेने वळते आणि मधला पडदा वाचतो.
४) दाब देताना हळुवार श्वास घ्यावा. जोराने हुंगू नये.
५) त्यानंतर काही वेळ नाक शिंकरू नये.
६) दात घासण्यासारख्या नित्यकर्माशी फवाऱ्याची वेळ जोडावी, म्हणजे विसर पडत नाही.

७. मर्यादा आणि दक्षता

फवारा निर्धोक आहे असे सांगणे म्हणजे त्याला दोषच नाहीत असे म्हणणे नव्हे. नाक कोरडे पडणे, जळजळणे आणि थोडे रक्त येणे हे परिणाम दिसतात. चुकीच्या पद्धतीने दीर्घकाळ वापरल्यास क्वचित पडद्याला छिद्र पडू शकते. काचबिंदू असलेल्या व्यक्तींनी नेत्रतपासणी करून घ्यावी. लहान मुलांत दीर्घकाळ वापर असल्यास उंचीवर लक्ष ठेवावे लागते. रिटोनाविर हे एचआयव्हीवरील उपचारात वापरले जाणारे औषध घेणाऱ्या रुग्णात फ्लुटिकासोन शरीरात साठून गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात; म्हणून इतर औषधांची माहिती डॉक्टरांना देणे अत्यावश्यक आहे. फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावा.

सर्वच रुग्णांना फवाऱ्याने पुरेसा गुण येत नाही. मोठे पॉलिप असल्यास औषध आत पोहोचतच नाही आणि शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. वरच्या दाढेच्या मुळाशी झालेल्या संसर्गामुळे एकाच बाजूचा सायनस बिघडला असेल तर आधी दंतवैद्याकडे जावे लागते. पुढील लक्षणे दिसल्यास मात्र फवाऱ्याच्या परिणामाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे : डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे, दृष्टी मंदावणे, तीव्र डोकेदुखीसह ताप व मान ताठरणे, तसेच मधुमेही व्यक्तीच्या नाकातून काळसर स्राव किंवा गाल बधिर होणे. एकाच नाकपुडीतून सतत रक्त येणे किंवा एकच बाजू कायम बंद राहणे याचीही तज्ज्ञांकडून विनाविलंब तपासणी व्हावी.

८. अध्यापकांची भूमिका

हा विषय वैद्यकाचा असताना सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांपुढे तो का मांडावा, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर वरील कारणांतच आहे. त्या सहा कारणांपैकी पाच भाषा, समज आणि सवय यांच्याशी निगडित आहेत, आणि हे क्षेत्र अध्यापकांचे आहे. एका शब्दाखाली तीन भिन्न औषधे कशी एकत्र आली हा भाषेच्या अभ्यासकाला परिचित असलेला प्रश्न आहे. ४ आणि ३०,००० मायक्रोग्रॅममधील अंतर विज्ञानाचा अध्यापक फळ्यावर पाच मिनिटांत दाखवू शकतो. महिन्याची बाटली आणि वर्षभराची प्रतिजैविके यांचा ताळेबंद हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम स्वाध्याय ठरेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात स्थानिक वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या साहाय्याने फवारा मारण्याचे प्रात्यक्षिक दाखविता येईल, आणि मोठ्या अक्षरांतील मराठी पत्रक विद्यार्थ्यांकरवी तयार करून घेता येईल. मूर्ती कार्यशाळांत काम करणारी विद्यार्थ्यांच्या घरची माणसे या पत्रकाची पहिली वाचक ठरतील.

एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. अध्यापकांनी औषध सुचवू नये. 'डॉक्टरांना विचारा' एवढे सांगून थांबण्याऐवजी डॉक्टरांना काय विचारावे हे सांगावे : माझा त्रास सायनसचाच आहे काय? मला दिलेला फवारा थेंबांच्या जातीचा आहे की स्टेरॉइडचा? तो किती आठवडे घ्यावयाचा? तो कसा मारावयाचा हे आपण मला एकदा दाखवाल काय? हे चार प्रश्न घेऊन जाणारा रुग्ण डॉक्टरांचेही काम सोपे करतो.

९. निष्कर्ष

१) दीर्घकालीन सायनस-दाह हा प्रामुख्याने टिकून राहिलेल्या सुजेचा विकार आहे; त्याला केवळ जंतुसंसर्ग समजल्याने उपचाराची दिशा चुकते.
२) नाकातील स्टेरॉइड फवारा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा या उपचाराचा पाया आहे, इतर उपायांचा विचार त्यानंतर व्हावा.
३) फवाऱ्याचा अल्प वापर औषधाच्या दोषापेक्षा भय, गल्लत, अधीरता आणि सदोष पद्धती यांमुळे अधिक होतो.
४) २०२१ च्या अनुभवातून आलेले भय उपहासाने जाणार नाही, मात्रा आणि मार्ग यांतील फरक समजावून सांगितल्यानेच ते निवळेल.
५) फवारा निष्फळ ठरला असे म्हणण्यापूर्वी तो दररोज, काही आठवडे आणि योग्य रीतीने घेतला गेला काय, याची खात्री करणे आवश्यक आहे.

कासूसारख्या गावातून तज्ज्ञापर्यंतचा रस्ता लांबचा आहे आणि तो लवकर जवळचा होईल असे नाही. परंतु तज्ज्ञाने एकदा लिहून दिलेली बाटली कपाटात पडून न राहता दररोज योग्य रीतीने वापरली जावी, एवढी व्यवस्था गावातील शिक्षित माणसांना निश्चितच करता येईल. त्यासाठी लागणारी पाच मिनिटे बाह्यरुग्ण विभागात मिळत नसतील, तर ती महाविद्यालयाने द्यावीत.